तीन किलो तांदूळ आणि एक वाटी खिचडी



मी नागपूरच्या नंदनवनातून तुमच्याशी बोलते आहे. नाव नंदनवन असले तरी आमच्या गल्लीत झाडे मोजकीच. त्यातले एक मुंगन्याचे, म्हणजे शेवग्याचे. त्याच्या शेंगा सगळे तोडून नेतात, पाला मात्र रस्त्यावर पडतो आणि सकाळी कचऱ्यात जातो. त्याच रस्त्याने शाळेत निघालेल्या लेकरांच्या हातात पाच-दहा रुपयांचे चुरचुरीत पाकीट असते. मी बरीच वर्षे गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होते. त्यामुळे लेकरू दिसले की त्याचे दप्तर नंतर आणि डबा आधी पाहायची सवय जडली आहे.

आज मी पाककृती सांगायला आलेली नाही. भाकर कशी थापायची हे तुम्हाला माझ्याहून चांगले येते. मला शाळकरी लेकराच्या दुपारच्या जेवणाचा इतिहास सांगायचा आहे. कारण बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "बाई, चांगलं खाऊ घालायला पैसा लागते." पैसा लागतोच. पण लेकराचे ताट कधी भरले आणि कधी रिकामे झाले, याचा मागोवा घेतला तर पैशाइतक्याच दुसऱ्याही काही गोष्टी हाती लागतात.

आधी आपल्या विदर्भातले जुने ताट पाहू. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पावसाळ्यात तरोटा नाहीतर चिवळीची भाजी, पुढे अंबाडी, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा आणि तोंडी लावायला जवसाची चटणी. आता आहारशास्त्र सांगते की धान्यात जे कमी पडते ते डाळ भरून काढते, पाल्यातून लोह आणि कॅल्शियम मिळते आणि जवस-तिळातून चांगले तेल. आपल्या आज्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. वावरात एकाच तासात ज्वारीशेजारी तूर आणि बांधाला अंबाडी असायची. जे वावरात सोबत उगवले ते ताटातही सोबत आले.

पण जुने ते सगळे सोने होते असे मी म्हणणार नाही. हे पुरे ताट प्रत्येक घरी नव्हते. मजुरी करणाऱ्या घरात ज्वारीच्या कण्या आणि आंबीलच असायची. वरण सणासुदीला. घरात लेकीचे पान सर्वांत शेवटी, आईचे तिच्याही नंतर. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि आपला कापूस, गहू झपाट्याने बाहेर जाऊ लागला. त्यानंतर ३० वर्षांनी, १८९६-९७ मध्ये आणि लगेच १८९९-१९०० मध्ये, आपल्या या मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. रेल्वे होती, बाजार होता, तरी ज्याच्या हाती पैसा नव्हता त्याच्या लेकराच्या तोंडी घास नव्हता. म्हणजे धान्य पिकणे आणि ते लेकराच्या पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एवढे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भुकेल्या लेकरांना एकत्र बसवून जेवू घालावे, हा विचार आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाईंना आपण मुलींची शाळा काढणाऱ्या म्हणून ओळखतो. पण लेकराला पाटी द्यायची तर आधी पोटाला द्यावे लागते, हेही त्यांनी करून दाखवले.

शाळेतच जेवण द्यायची पद्धत सुरू झाली ती मद्रासमध्ये. १९२० मध्ये तिथल्या महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत मुलांना खाणे द्यायचे ठरवले. खर्चाची मर्यादा होती एका मुलामागे दिवसाला एक आणा. गरीब घरची मुले शाळेत टिकावीत हा हेतू होता. पुढे १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी ही योजना त्या राज्यात मोठ्या प्रमाणावर नेली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती आणखी वाढवली.

आपल्याकडे तेव्हा काय चालले होते? १९६४ मध्ये ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. कणसे भरू लागली, पण भाकरीला जुन्या ज्वारीची चव नाही म्हणून बायांनी नाके मुरडली. मग १९७२ चा दुष्काळ. तुमच्यातल्या साठी ओलांडलेल्या मावश्यांना आठवत असेल, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे 'मिलो' म्हणायचे. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. त्या सुकडीने कितीतरी लेकरे तगली. पण तिच्यात काय घालायचे, ती कधी द्यायची, हे ठरवणारे कोणी वेगळेच होते. खाऊ घालणाऱ्या बाईला कोणी विचारले नाही.

पुढे वावरातून ज्वारी हळूहळू मागे सरली. कापूस होताच, १९८० नंतर सोयाबीन पसरले. ज्वारीला भाव कमी. रानडुकरे आणि रोही उभे पीक फस्त करतात. काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडतो. आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. म्हणून कोणी म्हणाले की "आजकालच्या बायांना भाकर करायचा कंटाळा," तर त्याला हा सगळा हिशोब सांगा. ताट बदलले ते बाईच्या आळसाने नव्हे.

आता मी माझ्या शाळेत येते. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली. शिजवलेले अन्न द्यायचे असे ठरले होते, पण बहुतेक राज्यांनी, आपल्याही, कोरडे धान्य वाटले. महिन्यात ८० टक्के हजेरी असेल तर एका मुलाला तीन किलो तांदूळ. मी स्वतः तराजू धरून तो वाटला आहे. मुले पिशव्या घेऊन रांगेत उभी राहायची. चौथीतली एक मुलगी दर महिन्याला सर्वांत आधी यायची. एकदा मी तिला विचारले, "भात आवडतो का गं?" ती म्हणाली, "मले कुठं भेटते बाई, घरी आम्ही आठ जण हाओत."

मी घरी येऊन हिशोब केला. तीन किलो म्हणजे रोजचे शंभर ग्रॅम, एका लेकराच्या एका जेवणापुरते. ते आठ जणांच्या गंजात पडले की तिच्या वाट्याला दोन घास. यात आईबापाचा दोष नाही. घरात सगळेच भुकेले असतील तर आई एकीपुरता भात वेगळा कसा शिजवणार? मघाशी मी म्हटले ना, धान्य येणे आणि ते लेकराच्या पोटात जाणे यात अंतर असते. ते अंतर मला त्या दिवशी दिसले.

हे अंतर कमी केले सर्वोच्च न्यायालयाच्या एका आदेशाने. अन्नाच्या हक्कासाठी २००१ मध्ये एक याचिका दाखल झाली होती. गोदामांत धान्य साठलेले आणि माणसे उपाशी, हे कसे चालेल असा तिचा प्रश्न होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सांगितले की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत कोरडे धान्य नको, शिजवलेले गरम जेवण द्या. वर्षातले किमान २०० दिवस. त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने हवीत.

आता खरे सांगते. शाळेत चूल पेटणार म्हटल्यावर मीही कुरकुर करणाऱ्यांत होते. "आम्ही शिकवायचं की खिचडी हलवायची?" असे मी बैठकीत बोलले होते. सुरुवातीचे दिवस वाईटच गेले. ओले सरपण, वर्गात धूर, पिवळे पातळ पाणी आणि तळाशी भात.

ते बदलले आमच्या स्वयंपाकीण मावशींनी. त्या बचत गटाच्या. एके दिवशी त्या पदरात मुंगन्याचा पाला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तांदूळ सरकारचा हाय, पण पाला तं आपल्या वावरातला हाय न!" त्यांनी पाला बारीक चिरून डाळीसोबत शिजवला. दुसऱ्या दिवशी कोणाच्या परसातले कोहळे आले, कोणी बरबटीच्या शेंगा पाठवल्या. शनिवारी जवस-तिळाची कोरडी चटणी. गटातल्या बायांनी आठवड्याचे वार वाटून घेतले. खर्च जवळपास तेवढाच राहिला आणि भांडी रिकामी परत जाऊ लागली. दुपारनंतर पेंगणारी पोरे गणित सोडवू लागली. आणि ती चौथीतली मुलगी गेली तरी तिची धाकटी बहीण माझ्यासमोर पोटभर जेवायची. तिच्या वाट्याचे तिलाच मिळत होते.

या पंगतीत आणखी एक गोष्ट घडली. गावातल्या दोन-चार घरांनी मुलांना घरून डबा द्यायला सुरुवात केली. कारण तोंडाने कोणी सांगितले नाही, पण सगळ्यांना कळले. मावशी दलित होत्या.

आपल्या नागपूरला हे दुखणे नवे नाही. १९३७ मध्ये इथे अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते. तिथे जाईबाई चौधरी आणि इतर दलित कार्यकर्त्यांच्या जेवणाची जागा वेगळी ठेवली गेली. जाईबाई म्हणजे कामठीच्या स्टेशनवर हमाली केलेली आणि पुढे नागपुरात मुलींसाठी शाळा काढलेली बाई. अशा बाईला शिकल्यासवरल्या बायांनी पंगतीत वेगळे बसवले. त्या अपमानाचा निषेध झाला आणि दलित महिलांनी स्वतःची वेगळी परिषद भरवली. म्हणून २० एप्रिल २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मला फार मोठा वाटतो. शाळेत स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असे त्यात म्हटले आहे. आमच्या गावात ते डबे पावसाळा संपेपर्यंत टिकले. लेकरांनीच बंद केले. खिचडीचा वास वर्गभर सुटला की डब्यातली थंड पोळी कोण खाणार?

आता माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्यांच्या लेकरांची हजेरी घेणाऱ्या माझ्या घरी काय चालले होते? मला सकाळी साडेसहाची एसटी गाठायची असायची. माझी लेक शहरातल्या शाळेत, तिथे खिचडी नव्हती. चहा-टोस्ट खाऊन ती निघायची आणि मधल्या सुट्टीत पाकीट. आठवीत असताना तिचे रक्त तपासले तर नऊ भरले. मी सुन्न झाले. पगारदार घर, पैशाची कमी नव्हती, आणि माझ्या लेकीपेक्षा माझ्या शाळेतली मजुरांची मुले बरे जेवत होती. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या नेमाने दिल्या. सोबत मावशींकडून शिकलेले घरी आणले. जेवणासोबतचा चहा बंद केला, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. डाळभाजीवर लिंबू आले, कारण आंबट फळाने ते जास्त लागते. काही महिन्यांनी रक्त वाढले. आणि ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्त कमी आढळले.

२०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि पुन्हा कोरडे धान्य घरी जाऊ लागले. तेव्हा मी निवृत्त झाले होते, पण मला ती पिशवीची रांग आठवली. शिजवलेल्या एका वाटीची किंमत तेव्हा पुष्कळांना कळली.

आज कागदावर काय आहे ते प्रत्येकीला पाठ हवे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा मुलांचा हक्क झाला आहे. शाळा चालू असताना जेवण मिळाले नाही तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता देण्याचा नियम आहे.

पण मिळालेले टिकतेच असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरवले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला. आणि शिजवणारीचे काय? केंद्राने २००९ मध्ये तिचे मानधन महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षाचे दहा महिने. राज्य त्यात भर घालते, तरी शंभर लेकरांचे जेवण रांधणाऱ्या बाईला दिवसाच्या मजुरीइतकेही पडत नाही. लेकराचे ताट स्वस्तात भरावे म्हणतो, पण ती स्वस्ताई तिच्या घामातून काढायची का, हा प्रश्न आपल्या गटांनीच विचारायला हवा.

आता घरच्या ताटाकडे वळू. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही. तेवढ्याच ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, जवळपास ४ मिलिग्रॅम लोह आणि तांदळाच्या तिप्पटीहून जास्त चोथा. रेशनचा तांदूळ सोडू नका, तो हक्काचा आहे. पण दिवसातून एक वेळ तरी भाकर येऊ द्या. पुरती ज्वारी परवडत नसेल तर कण्या शिजवा किंवा गव्हाच्या पिठात मिसळा. भातात वाटीभर डाळ आणि मूठभर पाला टाकला की तीच आपली नागपुरी डाळभाजी-भात. मुंगन्याच्या पाल्यात वजनाला वजन धरले तर दुधाहून जास्त कॅल्शियम असते, आणि तो फुकट आहे.

पाकिटाचाही हिशोब करा. दोन लेकरे, रोज दहा रुपये, महिन्याचे २६ दिवस, झाले ५२० रुपये. तेवढ्या पैशांत शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ किती येतो, ते उद्या दुकानात विचारा. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. मोसमात बारीक संत्री स्वस्त होतात, बाजारात मोठ्या फळाला भाव असतो, गुण मात्र लहानातही तेवढाच. शाळेत मिळणारी जंताची आणि लोहाची गोळी चुकवू नका, नाहीतर खाल्लेले अंगी लागत नाही.

एक सावधगिरी. स्वस्त म्हणून एकाच वस्तूवर भर देऊ नका. आपल्या भागातली लाखोळी डाळ आठवा. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ तिच्यावर जगलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून १९६१ नंतर तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्या बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि पुढे महाराष्ट्राने ती उठवली. वाद तज्ज्ञांनी घालावा. आपण एवढेच घ्यावे की कोणतीही एक डाळ, एक धान्य, रोज आणि फक्त तेच, लेकराला देऊ नये.

शेवटी गटासाठी एक काम. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्या लागतात. तिथे नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. महिन्यातून एकदा दुपारी शाळेत जा, लेकरांसोबत बसा, ती खिचडी खाऊन पाहा. डाळ दिसते का, भाजी दिसते का, शिजवणारीला मानधन वेळेवर मिळते का, हे विचारा. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. परसातला मूठभर पाला पदरात घ्या.

आमच्या गल्लीतला मुंगन्याचा पाला आता कचऱ्यात जात नाही. सकाळी झाडणाऱ्या ताई आणि मी, आम्ही दोघी तो वाटून घेतो.